बेरिकरावांच्या गावी

सकाळी साडेसहाला आम्ही पिस्कॅटवेहून निघालो तेव्हा गाडीत चार माणसं होती, तिखटामिठाच्या पुऱ्यांचा एक डबा होता, आणि पुढच्या कप्प्यात एक पिवळा लिफाफा होता. त्या लिफाफ्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणून तोच सारखा दिसत होता.

आधी माणसं सांगते. गाडी चालवत होता माझा मुलगा शरद; मी सांगलीहून त्याच्याकडे काही महिने राहायला आले होते. न्यू जर्सीतल्या या पिस्कॅटवे गावाजवळ मोठं विद्यापीठ आहे. तिथे तो शिकायला म्हणून आला आणि जवळच्याच एका कंपनीत इंजिनिअर म्हणून चिकटला, त्याला आता चौदा वर्षं झाली. मागे माझ्या शेजारी त्याची लेक शिल्पा. वय नऊ, जन्म तिथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. सून नीताची हॉस्पिटलात ड्यूटी होती म्हणून ती आली नाही. आणि पुढच्या सीटवर गुडघ्यावर हॅट ठेवून, पट्टा बांधून, शाळेच्या पहिल्या दिवशी बसावं तसे ताठ बसलेले आमचे शेजारी मिस्टर बेरिक. वय वर्षं चौऱ्याहत्तर. सहल त्यांचीच होती. आम्ही आपले वऱ्हाडी.

त्यांची आणि माझी ओळख कुंपणावर झाली. शरद-नीता कामाला गेले की मी मागच्या अंगणात कोथिंबिरीला पाणी घालायची, आणि पलीकडे हे टोमॅटोंना. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं वाण्याच्या पुडीचे कागद आणि मुलांची पुस्तकं वाचून झालेलं, इंग्रजीसुद्धा. त्यामुळे माझं इंग्रजी कागदावर बरं आणि तोंडात लंगडं. त्यांच्या टपालपेटीवरचं नाव वाचून मी पहिल्याच दिवशी "गुड मॉर्निंग, मिस्टर बर्विक" म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, "बेरिक. मधला डब्ल्यू झोपलेला असतो, त्याला उठवायचं नाही."

पुढे पाहिलं तर पोस्टमन, दूधवाला, चर्चचा पाद्री, सगळे त्यांना बर्विकच म्हणायचे. आणि हे गृहस्थ प्रत्येकाला, दर वेळी, न चिडता दुरुस्त करायचे. सत्तर वर्षं. मी त्यांना मनातल्या मनात बेरिकराव म्हणायला लागले.

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, तांदुळवाडीकर. साधारणपणे इथे हे नाव सांगितलं की समोरचा माणूस 'अरे वा' म्हणतो आणि विषय हवामानावर नेतो. बेरिकरावांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि म्हणाले, पुन्हा सांगा. तीन दिवस कुंपणापाशी त्यांचा अभ्यास चालला होता. चौथ्या दिवशी आलं. 'ळ' चा 'ल' आणि 'ड' चा काहीतरी गिळलेला, पण पूर्ण आलं. मला अर्थ विचारला. तांदूळ म्हणजे राइस, वाडी म्हणजे शेतावरची छोटी वस्ती, आणि कर म्हणजे तिथला. ते धावतच आत गेले (चौऱ्याहत्तराव्या वर्षी जेवढं धावता येईल तेवढं) आणि गावच्या लायब्ररीतून आणलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यात इंग्लंडातल्या गावांच्या नावांची मुळं दिली होती. बेरिक हे इंग्लंडच्या उत्तर टोकाचं गाव, स्कॉटलंडच्या सीमेवरचं. जुन्या इंग्रजीत 'बेरे' म्हणजे सातू आणि 'विक' म्हणजे शेतावरची वस्ती.

"म्हणजे सातूवाडी," मी म्हणाले. "तुम्ही सातूवाडीकर."

इतका आनंद झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. संध्याकाळी शरद आला तर हे फाटकातच उभे, त्याला सांगायला.

त्यांना मूलबाळ नाही, बायको गेलेली, भाऊबहीण कोणी उरलं नाही. त्यांचे वडील सांगायचे की आपली माणसं वर मेन राज्यातल्या बेरिकची. मेन म्हणजे अमेरिकेचा ईशान्येचा कोपरा. गोऱ्या लोकांनी इथे येऊन आपल्या मागच्या गावांची नावं नव्या गावांना देऊन टाकली, त्यातलंच हे एक. तिथे जाऊन आपल्या आडनावाचं एखादं थडगं बघावं, एखादा लांबचा पुतण्या सापडला तर त्याच्याशी हात मिळवावा, एवढी त्यांची इच्छा. पण नजर अधू झाल्यापासून लांबचं ड्रायव्हिंग बंद. शरदने लगेच सांगितलं, शुक्रवारी सुट्टी काढतो, मी नेतो. पोरगा गुणाचा आहे, त्यात वाद नाही.

आता लिफाफा. शरद अमेरिकेचा नागरिक व्हायचा अर्ज करत होता. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. जिथे चूल मांडली तिथलं व्हावं. पण या अर्जात एक सोय असते. नागरिक होताना हवं तर नावही नवं घेता येतं, वेगळी खटपट नाही. आणि शरदने त्या जागी आडनाव लिहिलं होतं 'कर'. नुसतं कर. इथले लोक ते 'कार' असं वाचणार. तांदूळ गेला, वाडी गेली, उरली मोटार.

कारणही सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. जूनमध्ये शिल्पाला शाळेत वाचनाचं बक्षीस मिळालं. मुख्याध्यापिका एकेका मुलाचं पूर्ण नाव पुकारत होत्या. शिल्पाच्या नावाशी आल्या, थांबल्या, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, "शिल्पा… टी." सभागृह हसलं. वाईट हसलं असं नाही, पण हसलं. पोरीने बक्षीस घेतलं, गाडीत बसली आणि बापाला म्हणाली, "डॅडी, व्हाय कान्ट वी बी समथिंग शॉर्ट?" चौदा वर्षं स्वतःच्या नावाची चेष्टा गिळलेला माणूस लेकीच्या त्या एका वाक्याला ढिला पडला.

आणि मी काय केलं? मला कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मी मान वर न करता म्हणाले, "मग तुझ्या बाबांच्या श्राद्धाला कोणाचं नाव घेशील? मोटारीचं?" तो ताटावरून उठलाही नाही, निमूट जेवला, आणि ते जास्त लागलं. तेव्हापासून आठवडाभर आम्ही दोघं मीठ-मिरची सोडून काही बोललो नव्हतो. अर्ज सोमवारी पोस्टात पडायचा होता, लिफाफ्यावर तिकिटं लावून तयार होती. वाटेत काही लागलं तर असू देत म्हणून त्याने सगळे कागद गाडीतच ठेवलेले.

तेव्हा खरं सांगते, मी या सहलीला निव्वळ हौसेने निघाले नव्हते. माझा एक डाव होता. बेरिकरावांनी सत्तर वर्षं नाव सांभाळलं, आणि आता त्या नावानेच त्यांना त्यांच्या गावी, त्यांच्या माणसांत पोचवलं, हे शरदने डोळ्यांनी बघावं. मी तोंडाने काही बोलणार नव्हते. मेनचं एखादं थडगंच बोललं असतं.

हडसन नदीवरचा लांबलचक पूल ओलांडला तेव्हा ऊन वर आलं होतं. कनेटिकट राज्यात एका डायनरपाशी (म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखी रस्त्याकडेची खाणावळ) थांबलो, तर कळलं की माझ्या पातळाचा पदर हातभर गाडीच्या दाराबाहेर लोंबकळत आला होता. न्यू जर्सीपासूनची सगळी धूळ त्याने झाडून आणली होती. शिल्पा म्हणाली, "आजी, यू लुक लाइक अ मॉप." मी पदर खोचला आणि पुऱ्यांचा डबा उघडला. बेरिकरावांनी पुरीबरोबर लसणाची चटणी घेतली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी आणखी घेतली.

मॅसॅच्युसेट्समध्ये एक मोठं शहर लागतं. पाटीवर मी सावकाश वाचलं, वॉर्सेस्टर. बेरिकराव मागे वळून म्हणाले, वुस्टर. मी म्हटलं, मग एवढी अक्षरं कशाला रंगवली? ते म्हणाले, रंगाऱ्याची मजुरी वाढते. मग आम्हाला खेळच मिळाला. एक पाटी आली की मी ती अक्षराला अक्षर लावून वाचायची, आणि ते खरा उच्चार सांगायचे. निम्मी अक्षरं वाटेतच गळालेली. इंग्लंडातून निघालेली नावं इथपर्यंत येता येता झिजली म्हणावं, तर काही उलट इथे येऊन धष्टपुष्ट झाली. तिकडे जे अक्षर गिळतात ते इकडे ठणकावून म्हणतात. शरद आरशातून बघत होता. हसला नाही, पण ऐकत होता.

दुपारी एकच्या सुमाराला न्यू हॅम्पशायर संपवून आम्ही एका उंच पुलावर चढलो. खाली रुंद, निळी-काळी, जोरात वाहणारी नदी. बेरिकरावांनी हॅट डोक्यावरून काढली आणि म्हणाले, ही पिस्कॅटाक्वा. तेही त्यांनी लायब्ररीतूनच शोधलेलं. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी या नदीकाठची काही कुटुंबं दक्षिणेला उतरली आणि न्यू जर्सीत जिथे स्थिरावली त्या जागेला त्यांनी या नदीचं नाव दिलं. तेच बोलता बोलता पिस्कॅटवे झालं. आणि नदीचं नाव तरी गोऱ्यांचं कुठे? ते इथल्या मूळच्या इंडियन लोकांचं (आपण नव्हे, कोलंबसाने चुकून ज्यांना आपलं नाव दिलं ते). नदीला जिथे फाटे फुटतात ती जागा, असा काहीसा अर्थ सांगतात. ती माणसं इथून हाकलली गेली. नाव मात्र नदीबरोबर वाहत राहिलं, आणि माझा मुलगा आपल्या पत्त्यात रोज ते लिहितो. मी हात जोडले. पुलावर थांबता येत नाही म्हणून गाडीतूनच.

पूल ओलांडला की मेन. हवा एकदम बदलली. पाइनच्या झाडांचा वास, लाकडी पांढरी घरं, प्रत्येक घरापुढे रचलेली सरपणाची थप्पी, ऑगस्टातच. साऊथ बेरिक अशी पाटी आली तेव्हा बेरिकरावांनी हॅट नीट डोक्यावर चढवली. आम्ही उतरलो, दोन गल्ल्या फिरलो, चर्चमागच्या दफनभूमीत शिरलो, आणि तिथे कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की तुम्हाला हवं ते बेरिक हे नाही. पलीकडे नुसतं बेरिक आहे, शिवाय नॉर्थ बेरिक वेगळंच. मला हसू फुटलं. शरदलाही, आठवड्यात पहिल्यांदा. "आई, बुद्रुक आणि खुर्द," तो म्हणाला. आपल्याकडे अर्धा जिल्हा असाच चुकीच्या गावी उतरतो.

खऱ्या बेरिकमध्ये पोचलो. लहानसं गाव. नदी, नदीवर पूल, मधे चार दुकानं, आणि एक विटांचं कचेरीवजा घर, तिथे गावची जन्ममृत्यूची नोंद. आत टेबलाशी एक बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. बेरिकरावांनी हॅट हातात घेतली, घसा साफ केला, आणि सांगितलं की माझं नाव बेरिक आणि मी माझी माणसं शोधायला आलो आहे.

बाई गोड होत्या. त्या म्हणाल्या, "ओह, यू मीन बर्विक."

मी बेरिकरावांकडे बघितलं. सत्तर वर्षांचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण ते थांबले. ज्या गावचं नाव ते सांभाळत होते तेच गाव त्याला बर्विक म्हणत होतं. कुत्रेवाल्या बाईही तेच म्हणाल्या होत्या, फक्त आम्ही नीट लक्ष दिलं नव्हतं. गावालाच कसं दुरुस्त करणार?

बाईंनी जुन्या वह्या काढल्या, टेलिफोनचं पुस्तक काढलं. बोट वरून खाली, वरून खाली. अर्धा तास. मग चष्मा काढून म्हणाल्या की माफ करा, या गावात या आडनावाचा एकही माणूस नाही. होता अशी नोंदही मला दिसत नाही. जुनी दफनभूमी टेकडीमागे आहे, तिथे बघा.

तिथेही गेलो. उतरत्या उन्हात काळ्या पाटीच्या दगडांच्या रांगा, काही दगड वाकलेले, काहींवर शेवाळ. शिल्पा एकेका दगडापुढे उकिडवी बसून मोठ्याने नाव वाचायची, आणि बेरिकराव मान हलवायचे. पहिल्या रांगेत उत्सुकतेने, तिसऱ्या रांगेत नुसते. सगळ्या रांगा संपल्या. वर्षानुवर्षांची माणसं तिथे झोपलेली होती, फक्त बेरिक कोणी नव्हता.

ते दगडी कठड्यावर बसले. हॅट गुडघ्यावर ठेवली, सकाळी गाडीत ठेवली होती तशीच. "सो वी वेअर नोबडी हिअर," म्हणाले. आपण इथले कोणीच नव्हतो.

माझा डाव पार उधळला होता, पण त्या क्षणी मला लिफाफा आठवलाही नाही. मला आठवलं ते दुसरंच, आमच्या लग्नाच्या वर्षीचं. सासूबाईंनी मला गावदेवीची ओटी भरायला तांदुळवाडीला पाठवलं होतं. आम्ही राहायचो सांगलीला, गाव मी पाहिलेलं नव्हतं. देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, कुणाची गं तू? मी नवी नवरी, मोठ्या दिमाखात सांगितलं, तांदुळवाडीकरांची सून. म्हातारी हसली, तिच्या शेजारची हसली, आणि पाण्याला चाललेल्या बायकाही घागरी टेकून हसल्या. म्हातारी म्हणाली होती:

"अगं बाई, हितं समदीच तांदुळवाडीची. तांदुळवाडीकर हितं कोण न्हाई. कुणाची ते सांग."

मी हे बेरिकरावांना सांगायला घेतलं. इंग्रजी अडलं तिथे शरद पुरवत गेला, आणि शेवटी तोच सांगत होता, मी नुसते हात हलवत होते. की आमच्याकडे गावात कोणी गावाचं नाव लावत नाही, लावून उपयोग काय? गाव सोडून माणूस दुसरीकडे जातो, तिथले लोक विचारतात, कुठला रे तू, आणि तो जे सांगतो ते त्याला चिकटतं. तेव्हा तांदुळवाडीकर शोधायला तांदुळवाडीला जाऊ नये. तिथे तेवढे सोडून सगळे भेटतील.

"तुमचा कोणी पणजा-खापरपणजा सातूवाडीतून बाहेर पडला," मी म्हणाले. "या असेल नाहीतर इंग्लंडातल्या. दुसऱ्या गावच्या वेशीवर कोणी विचारलं असेल, कुठला. त्याने तोंडात होतं तसं सांगितलं. बेरिक. नाव तिथे लागलं, इथे नाही."

बेरिकरावांनी गुडघ्यावरची हॅट उलटून आत बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे हे नाव म्हणजे आम्ही निघालो याची पावती." आणि हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. सत्तर वर्षं मी एका गावाचा माणूस म्हणून मिरवलो, म्हणाले, आणि गावाला माझी ओळख एवढीच की मी तिथे नाही.

शरद मात्र हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. "आई," तो म्हणाला, "मग गावात आपण कोण होतो?"

तो असा प्रश्न विचारेल हे मला कळायला हवं होतं. इंजिनिअर आहे. एक खिळा ढिला दिसला की तो दुसराही हलवून बघतो.

"कुलकर्णी," मी म्हणाले. "तुझे पणजोबा शिकायला सांगलीला आले. मास्तरांनी पटावर लिहिताना विचारलं, कुठला. त्यांनी सांगितलं. मास्तरांनी लिहिलं."

"म्हणजे त्यांनी नाव बदललं."

मला सहज नाही म्हणता आलं असतं. बदललं नाही, बदललं गेलं, असं काहीतरी शब्द फिरवून मी सुटले असते. बोलण्यात मला कोणी हरवत नाही, आमच्या गल्लीत विचारा. पण समोर तो म्हातारा माणूस इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने बसला होता, आणि त्याने एकाही शब्दाची कुरबूर केली नव्हती. त्याच्यापुढे लबाडी करवेना.

"हो. बदललं," मी म्हणाले. "आणि त्यांच्या आईलाही तेव्हा लागलंच असेल. शरद, त्या दिवशी मी मोटारीचं बोलले, ते बोलायला नको होतं. नाव तुझं आहे. तू लिहिशील ते."

तो माझ्याशेजारी येऊन कठड्यावर बसला. आमच्यात असंच असतं. तो बसला म्हणजे मी समजायचं.

मधेच शिल्पा उठली, गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाली, "सो वॉट आर वी नाऊ? पिस्कॅटवेकर?" बेरिकरावांनी ते लगेच म्हणून बघितलं. अगदी अचूक, 'ळ' नाही ना त्यात.

परतताना गावाबाहेर एका शेताच्या तोंडाशी एक बाई मक्याची कणसं आणि ब्लूबेरी (जांभळापेक्षा लहान, गोल, आंबटगोड फळ) विकत होती. तिने बोलता बोलता बेरिकरावांना विचारलं, कुठून आलात. ते म्हणाले, पिस्कॅटवेहून. मग तिने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि ती म्हणाली, बर्विक, वा, गावाचंच नाव. त्यांनी मान डोलावली. दुरुस्त केलं नाही. त्या गावात त्यांनी कोणालाच दुरुस्त केलं नाही. मोटेलवर (मोटारवाल्यांची धर्मशाळा म्हणा) जेवताना त्यांनी चाउडर मागवलं, म्हणजे तिसऱ्या-शिंपल्यांचा दुधातला घट्ट रस्सा. मी आपली उकडलेल्या कणसाला तिखट-मीठ लावून बसले. एवढं गोड कणीस मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि ते इथल्या लोकांनी लोण्यात बुडवून वाया घालवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पुन्हा कनेटिकटचा तोच डायनर. वाढणाऱ्या बाईने यादीत नाव लिहून घेतलं आणि टेबल रिकामं झाल्यावर हाक मारली, मिस्टर बर्विक, पार्टी ऑफ फोर. बेरिकराव उठले, हॅट काखेत धरली, आणि हसून म्हणाले, "बेरिक, मॅडम. डब्ल्यू झोपलेला असतो." शरद मोठ्याने हसला. मीही.

सोमवारी लिफाफा पोस्टात पडला. पडण्याआधी शरदने तो उघडला होता, हे मला कळलं, कारण चिकटपट्टी नवी होती. आत काय केलं ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं बजावून बजावून जीभ चावत राहिले, ही माझ्या आयुष्यातली अवघड तपश्चर्या. सप्टेंबरात मी परतीच्या विमानात बसले. बेरिकराव फाटकापाशी निरोपाला उभे होते, हातात टोमॅटोंची पिशवी. टोमॅटो विमानातून नेऊ देत नाहीत हे सांगायला मला कसंतरी झालं. मी ते घेतले आणि विमानतळावर नीताला दिले.

संक्रांतीच्या आसपास सांगलीला पार्सल आलं. त्यात एक कॅसेट. पत्रं लिहायचा शिल्पाला कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवते. शेजारच्या काकूंच्या टेपरेकॉर्डरवर लावली. कोर्टात टेप नेऊ दिला नव्हता, म्हणून पोरीने घरी बसून बापाच्या नागरिकत्वाचा सगळा शपथविधी एकटीने करून दाखवला होता. सगळे आवाज तिचेच. आधी कारकुनाचा, जाडा आवाज, एकेक नाव भरभर पुकारणारा. मग तो अडखळला. "शॅरॅड… टॅन… टॅन-डल…" मग शरदचा आवाज, शांत: "टेक युअर टाइम, सर." मग कारकून पुन्हा, पुन्हा अडलेला. आणि मग मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याचा आवाज, एका दमात, 'ळ' चा 'ल' करून पण सगळं: "तांदुलवाडीकर." शिल्पाच्या म्हणण्याप्रमाणे न्यायाधीशांनी वर बघितलं आणि थँक यू म्हटलं.

कॅसेटच्या शेवटी शरद स्वतः बोलला होता. "आई, तुझ्या धाकाने नाही ठेवलं. शिल्पाला विचारलं. ती म्हणाली, आपण निघालोय की, मग ठेवू या."

पुढच्या मंगळवारी मी तांदुळवाडीला गेले, देवीची ओटी भरायला. तेव्हाची म्हातारी आता कुठली असणार. पायरीवर दुसरीच बसली होती, माझ्याच वयाची. तिने तोच प्रश्न विचारला. मी या वेळी नीट सांगितलं, कुलकर्ण्यांची सून. तिने ओळखलं, सरकून जागा दिली, आणि विचारलं, पोरगा कुठं असतो?

पिस्कॅटवेला, मी म्हणाले.

"पिस… काय?"

मी पुन्हा सांगितलं. तिने जीभ वळवून बघितली, अर्ध्यात सोडली, पदराने तोंड पुसलं, परत सुरुवात केली. मी ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसले आणि तिला म्हटलं, सावकाश घ्या. मला घाई नव्हती.